सर म्हणायचं नाही

४ मे

सगळं बदललं ते आज सकाळी, प्रिंटरपाशी. कागद अडकला होता आणि मी त्या यंत्राला थपडा मारत होतो. मागून आवाज आला — "जरा सरका. मारून नाही, गोंजारून काढायचा असतो तो." मी सरकलो. अजून सरकतोच आहे!

प्राणिशास्त्रात संशोधन करते म्हणे. मुलांचं उन्हाळी शिबिर घेते — 'ओळख सरपटणाऱ्या प्राण्यांची'. त्याची बातमी द्यायला आली होती. खांद्यावरच्या पिशवीत काहीतरी हलत होतं. विचारायची हिंमत झाली नाही.

ज्या विद्यापीठाच्या परीक्षेतून मी दुसऱ्या वर्षी पेपर फेकून उठलो, त्याच विद्यापीठाची आरती टाइप करायला बसलोय. मावशी या माहिती कक्षात मुख्य कारकून, तिची कृपा. "राग नाकाच्या शेंड्यावर, अक्कल गुडघ्यात," म्हणाली, "निदान बोटं तरी जागेवर ठेव."

५ मे

आली नाही.

८ मे

आमच्या वार्तापत्राचं नाव 'उन्हाळी उपक्रम आणि प्राध्यापकांचे यश'. नावातच सगळं आलं. उपक्रम एकाने करायचा, यश दुसऱ्याला यायचं. इथे कुणी काही 'करत' नाही, सगळं कुणाच्या तरी 'मार्गदर्शनाखाली' होतं. मैदानावरचं गवत कापलं, तेसुद्धा!

११ मे

तिच्या विभागप्रमुखांना पुरस्कार. विषय — पाली का चुकचुकतात. वाचताक्षणी माझ्याच मनात पाल चुकचुकली. हा गृहस्थ पाल दिसली की खुर्चीवर चढतो, हे मावशीने स्वतः पाहिलंय.

ती फोटो द्यायला आली तेव्हा विचारलंच. "भिंतींना कान लावून कोण बसलं होतं?"

"मी. दोन वर्षं."

"मग बातमीत तुमचं नाव कुठंय?"

"नकोय. प्रबंधावर त्यांची सही व्हायचीय अजून. आणि माझं नाव कुठे लिहायचं, कधी लिहायचं, ते माझं मी बघेन."

गेली. एवढं शांत कसं राहता येतं माणसाला? मी तर पेटलोय.

१५ मे

विभागप्रमुख आज जातीने आले. फोटो मोठा हवा. शिवाय — "हे काय जागोजागी 'सरांनी', 'सरांचे'? सर वर्गात म्हणायचं. छापताना प्राध्यापक!"

आमचे साहेब म्हणाले, "हो सर." मग घाईघाईने, "हो, प्राध्यापक."

ते गेले आणि माझं डोकं सटकलं. त्यांच्या फोटोखाली एक ओळ ठोकली — हे संशोधन प्रत्यक्षात केले ते अमुक यांनी. पुढे तिचं आद्याक्षर आणि आडनाव. मग कॉम्प्युटरला सांगितलं, 'सर' दिसेल तिथे 'प्राध्यापक' कर. एक बटण दाबलं, झालं! तपासलं नाही. कानात ढोल वाजत असताना तपासतंय कोण? फाइल थेट छापखान्यात.

२१ मे

अंक वाटला. हाहाकार!

कॉम्प्युटरला मेल्याला सर कळत नाहीत, नुसती अक्षरं कळतात. विद्यापीठाचा 'परिप्राध्यापक' स्वच्छ झालाय. आपण संशोधनात 'अग्रेप्राध्यापक' आहोत. आणि तिच्या शिबिराची बातमी — 'प्राध्यापकपटणाऱ्या प्राण्यांची ओळख. रंग बदलणारा प्राध्यापकडा पाहून मुले थक्क.'

कँटीनमध्ये लोक उभे राहून मोठ्याने वाचत होते. मावशीने आधी माझा कान धरला, मग तोंडाला पदर लावून आत जाऊन हसली. साहेबांचा हुकूम — सगळे अंक परत आणा, नव्याने छापा.

गंमत म्हणजे माझ्या त्या ओळीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

२२ मे

का काढला नाही ते आज कळलं. ती आली, अंक टेबलावर आपटला आणि बोट ठेवलं. तिच्या आडनावाच्या ऐन मधे 'सर' आहे! तिथेही प्राध्यापक घुसलेत. ते कुणाचं नाव आहे, हे तिच्याशिवाय कुणाच्या बापाला कळलं नाही.

"मी नको म्हटलं होतं ना?"

"मला वाटलं, निदान कुणीतरी—"

"तुम्हाला वाटलं! ते माझं नाव घेत नाहीत मला न विचारता, तुम्ही घेता मला न विचारता. फरक काय?" मग त्या ओळीकडे पाहत राहिली. ओठ दाबून हसू आवरत होती. "दोन वर्षांत इथे मला प्राध्यापक म्हणणारे तुम्ही पहिलेच. नशीब माझं, कामात कच्चे आहात. नालायक आहेस अगदी!"

आहेस! 'आहात' नाही — आहेस!

पण त्याआधीचं वाक्य जास्त लागलं. फरक काय? दिवसभर उत्तर शोधतोय.

२३ मे

ओळ काढली. स्वतःच्या हाताने 'मार्गदर्शनाखाली' लिहिलं. हात जळला तरी लिहिलं. या वेळी प्रत्येक विभागाने आपापलं पान वाचून, सही करून थेट छापखान्यात पाठवायचं, मगच छपाई. मावशी म्हणाली, "आज पहिल्यांदा शहाण्यासारखा वागलास. ताप आलाय का?"

२९ मे

नवा अंक आला. 'परिसर' जागेवर, सरडा जागेवर. आणि विभागप्रमुखांच्या फोटोखाली माझी ओळ — जशीच्या तशी! आडनाव स्वच्छ. माझ्या शुद्धलेखनाच्या दोन चुकाही दुरुस्त.

मी मावशीकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघतोस? विभागाचं पान तिनेच वाचलं, ओळ तिनेच घातली." छापखान्यातून परत आलेलं तपासलेलं पान मावशीने पुढे सरकवलं. समासात तिचं टपोरं अक्षर, खाली विभागप्रमुखांची सही. न वाचता, नेहमीसारखी.

आत्ताच शिपाई सांगून गेला — विभागप्रमुखांनी तिला केबिनमध्ये बोलावलंय.

"कुठे निघालास? भांडायला?" मावशी विचारतेय.

नाही. केबिनबाहेरच्या बाकावर बसायला. तिने विचारलं, तरच बोलेन. निघतो, दार ओढून घेतो.