पाहुणी येईपर्यंत

३ नोव्हेंबर
सीझनची पहिली पाहुणी व्हायोलिनवादक शुक्रवारी येणार. तोवर तिच्या जागी मी! आमच्या ऑर्केस्ट्राची ही जुनी सोय. नामवंत मंडळी येतात एखाद्या दिवसापुरती, मग तालमीत त्यांचा सोलो वाजवायचा कोणी? तर दुसऱ्या व्हायोलिनांच्या गटातल्या शेवटून दुसऱ्या रांगेतल्या बाईने, जिचं नाव कार्यक्रमपत्रिकेत चष्मा लावूनही सापडत नाही.
नवरा म्हणाला, "म्हणजे उजेडाचा अंदाज घ्यायला फोटोग्राफर कोणालातरी उभं करतो ना, ती तू."
हो. तीच.

४ नोव्हेंबर
तालीम. लाल खुर्च्या सगळ्या रिकाम्या. बाल्कनीत एक बाई फरशी पुसत होती, बस्स.
रचनेचा दुसरा भाग संथ आहे. त्यात सोलोचा एक वरचा सूर येतो, आणि मग सगळ्यांनी मिळून खाली उतरायचं. मी त्या सुरावर जरा जास्त थांबते. कागदावर तसं काही लिहिलेलं नाही. पण तिथे पोचलं की पाण्याखाली डोळे उघडल्यासारखं होतं — सगळं हिरवट, संथ, लांबचं. खाली यायला जीवच होत नाही. सत्तर माणसं गज उचलून माझी वाट बघतात. काडीपैलवानही थांबतात — आमचे कंडक्टर, अंगाने हातातल्या काडीएवढेच.
घरी मी चहात साखर घालेपर्यंत कोणी थांबत नाही!

५ नोव्हेंबर
पुन्हा थांबले. आज अंमळ जास्तच.

७ नोव्हेंबर
पाहुणीचं विमान काल आलंच नाही. आज दुपारी उगवली. वय तिशीच्या आत, वागणं साधं, हसणं गोड. खोट शोधली, सापडली नाही. वाईट वाटलं.
पहिला आणि तिसरा भाग घाईघाईत वाजवून पाहिला. "दुसरा सोपा आहे, तिथे संध्याकाळी कार्यक्रमात भेटूच," म्हणाली.
भेटतोय कसले! वरचा सूर लागला, ती कागदाबरहुकूम वेळेवर उतरली — आणि आम्ही सगळे वरच! काडी खाली आली, कोणी पाहिलीच नाही. सवय! सत्तर गज हवेत, आणि ती बिचारी एकटीच जिना उतरतेय. सावरलं कसंबसं. टाळ्याही पडल्या. लोक काय, वाजवतातच.
काडीपैलवान आत आले ते लालबुंद होऊन. "कुठून शिकलात हे थांबणं?"
माझी शेजारीण — एकाच स्टँडवरचा कागद बघून आम्ही बावीस वर्षं वाजवतोय — शांतपणे म्हणाली, "अहो, तालमीत तुम्हीच तर थांबायचात!"
झालं. नजर माझ्याकडे वळली.
"उद्या हाच कार्यक्रम पुन्हा आहे. काडी पडली की उतरायचं. नाहीतर यापुढे तालमीत सोलोला दुसरं कोणीतरी उभं राहील. कळलं ना, बाई?"
कळलं.

८ नोव्हेंबर, सकाळ
नवरा म्हणतो, "मग नको थांबूस. एका क्षणाचा तर प्रश्न!"
बरोबर बोलतो. (क्वचित घडतं, म्हणून लिहून ठेवलं.) सीझनमध्ये अजून पाच पाहुणे आहेत. प्रत्येकाच्या आधी दोन-तीन सकाळी, तो रिकामा हॉल, ते पाण्याखालचं. तेवढ्यासाठीच तर वर्षभर मान खाली घालून मागे बसते. एका क्षणापायी ते घालवू? मी काय खुळी आहे?

८ नोव्हेंबर, घरी आल्यावर
आज पाहुणीच थांबली! कोणाला काही न सांगता. वरच्या सुरावर, डोळे मिटून. आणि आमचे सगळे काडीबरोबर धडाधड खाली.
तिने डोळे उघडले. वळून पाहिलं. एकच गज हवेत होता — माझा.
हसली. मग आम्ही दोघी उतरलो.