वाट्या सोडून पुस्तकं वाटली त्याची गोष्ट

मेहरूण, जळगाव

आदरणीय चुडामणभाऊ,

सुगनचंदचा जय जिनेंद्र. तिकडे धुळ्याच्या देवपुरात तुम्ही, वहिनी आणि तुमचे दोन्ही गुडघे सुखरूप असावेत. (डावा जास्त दुखतो असं मागे म्हणाला होतात. उजव्यालाही नमस्कार सांगावा.) इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत, निदान शरीराने. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही आणि यावेळी मला तुमच्याशी भांडायचं आहे.

पर्युषणात आमच्या आईने, म्हणजे पानबाईंनी, अठ्ठाई केली. आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहून ती आम्हा जेवणाऱ्यांपेक्षा मोठ्याने बोलत होती. पारण्याला येणाऱ्यांच्या हातावर प्रभावना म्हणून काहीतरी भेट ठेवायची आमच्यात रीत आहे. लोक स्टीलच्या वाट्या देतात. पण माझं दुकानच पडलं भांड्यांचं! मागच्या वेळी वाट्या दिल्या, तर समाजात कुजबुज झाली की सुगनचंदने धर्माच्या नावाखाली न खपलेला माल काढला. (अगदीच खोटं नव्हतं.) म्हणून तुमचा सल्ला घेतला. जन्मभर ग्रंथपाल असलेला माणूस दुसरं काय सांगणार? "सुगन, वाट्या काय वाटस? पुस्तकं वाट, बठ्ठा वाचतीन!" आणि देशोदेशी जाऊन गरिबांचे दवाखाने चालवणाऱ्या डॉक्टरांच्या कहाण्यांचं ते पुस्तक तुम्ही सुचवलंत. मी पाहिलं: कव्हरवर हसऱ्या डॉक्टरीणबाई, मागे हिरवे डोंगर, कागद जाड, घाऊक घेतल्यास सवलत. घेतली आणि वाटली. साधं पातेलंसुद्धा मी वाजवून घेतो, भाऊ. पुस्तक तेवढं न उघडता घेतलं.

वाटी घरी नेऊन कोणी बिघडत नाही. तिच्यात दही लागतं, विषय संपला. पुस्तकाचं तसं नसतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आमचे फॅमिली डॉक्टर हल्ली मला पाहून रस्ता बदलतात. समोरच्या कोकिळाबाईंनी त्यांना विचारलं म्हणे, पुस्तकातला डॉक्टर नदी पोहून पेशंटकडे जातो, आणि तुम्हाला आमचा दुसरा मजला चढवत नाही? शेजारच्या अखिलच्या वडिलांनी मला देरासरच्या, म्हणजे आमच्या मंदिराच्या, पायरीवरच गाठलं. सीए होता होता त्यांचा मुलगा थांबलाय आणि सातपुड्यात मलेरियाचं काम करायचं म्हणतोय. मी म्हटलं, फार छान. दुसऱ्याचं पोरगं निघालं की मला अशी प्रेरणा मिळते.

मग आमच्या डॉक्टर लेकीची, विधीची, पाळी आली. तिची इंटर्नशिप संपली म्हणून मी दुकानाच्या वर दवाखान्याची जागा तयार केली होती, तिच्या नावाची पाटीसुद्धा रंगवून आणली होती. एके दिवशी जेवताना ती शांतपणे म्हणाली, पप्पा, मलावीत दोन वर्षांचं काम मिळालंय, बाळंतिणींच्या दवाखान्यात. (मला आधी वाटलं, मलावी मनमाडच्या पुढे कुठेतरी असेल. निघालं आफ्रिकेत.) मी पाणी प्यायलो. तिच्या आईने, सरिताने, फक्त एवढंच विचारलं की तिकडे हिंग मिळतो का. घरातली फितुरी अशी हिंगापासून सुरू होते.

काट्याने काटा काढायचा म्हणून मी स्वतः पुस्तक वाचायला घेतलं. ताप, साप, थकलेला पगार, जिथे जिथे हाल दिसले तिथे पेन्सिलीने खुणा केल्या, आणि जेवणं झाल्यावर सगळ्यांना समोर बसवून मोठ्याने वाचू लागलो. सापापर्यंत उत्तम चाललं होतं. पुढे वीज गेलेली, डॉक्टरीणबाईंनी टॉर्च दातांत धरलेला, बाळ बाहेर आलेलं, आणि ते रडेना. तिथे मीच अडकलो, भाऊ. ओळ समोर होती पण वाचवेना. आई ओरडली, अरे, पुढे वाच ना, रडलं का ते? विधीने पुस्तकाकडे न बघता सांगितलं, रडलं. मग आम्ही सगळेच रडलो. आईने डोळे पुसले आणि निकाल दिला, "छोरी नै जावण दे." पोरीला जाऊ दे म्हणे. घाबरवायला बसलेला मीच होतो, आणि उपरणं माझंच भिजलं.

तेव्हा आता तुम्ही या. आग तुम्ही लावलीत, विझवाही तुम्हीच. धुळ्याला शिकताना ती दर रविवारी तुमच्याकडे जेवायची, तुमचं ऐकते. तिला सांगा की जळगावातही आजारी माणसं आहेत. बाकी कोणी नाही सापडलं तर मी आहे. माझं बीपी वाढलंय. (तिनेच मोजलं.)

तुमच्यावर रागावलेला, तरीही तुमचाच,
सुगनचंद

ता. क. समजवायला येऊ नका. काल व्हिसा आला. मी तिच्या बॅगेत कुकर ठेवला, तिने काढला, मी पुन्हा ठेवला. सध्या तो आत आहे.

आणखी एक ता. क. पुढच्या शुक्रवारी तिला सोडायला मुंबईला विमानतळावर जायचंय. सरिता येत नाही; म्हणते, मला तिथे उभं राहवणार नाही. जाताना काळजी नाही, विधीशी भांडण्यात प्रवास होईल. धुळ्याहून मुंबईला तुमचे तुम्ही या; परतीचं एक तिकीट तुमच्या नावाने काढलंय, माझ्या शेजारचं. एवढं सांगायलाच हे पत्र लिहायला बसलो होतो. या, भाऊ. माझ्याच्याने एकट्याने परत येववणार नाही.