नववीने काढलेली खाडी

मंगळवार संध्याकाळ, उरण

सामाजिक शास्त्रांच्या नव्या अभ्यासक्रमाच्या प्रशिक्षणात मीच शिक्षकांना बजावलं होतं, पुस्तक मिटा, मुलांकडून गावाचा जुना नकाशा काढून घ्या. त्यांच्यातल्या सुजाताने तिच्या शाळेतल्या नववीकडून काढून घेतला. म्हाताऱ्यांना विचारून मुलांनी खाडी दाखवली. त्या खाडीवर आता भराव, भरावावर ट्रकांचा तळ, आणि तळ शाळेच्या अध्यक्षांचा. तीच खाडी, निळ्या रंगात ठसठशीत!

आज अध्यक्षांनी नकाशाचा फोटो काढला. "पोरं हुशार हायेत हां, बाई. खाडी कोणी दाखवली, त्यांची नावं द्या."

सुजाताने घाबरून मला फोन केला. तिची नोकरी अजून कायम नाही. नावं देऊ नकोस, उद्या मी येते, म्हणाले.

फोन ठेवते तोच अनोळखी नंबर. "मॅडम, अध्यक्ष बोलतोय. उद्या येताय ना? जेवायलाच या."

मी येणार हे फक्त सुजाताला माहीत. ती बोलत होती तेव्हा शेजारी कोण उभं होतं?