मार्थाबाईंच्या खोलीतली सकाळ

१८ फेब्रु., बुधवार
लेंट सुरू, ईस्टरपर्यंतचे उपास-प्रार्थनेचे दिवस. ठरवलंय, उठल्यावर मोबाइल नाही, चहा नाही, आधी प्रभूपुढे शांत बसायचं. शाळेतून रिटायर झाल्यावर वाटलं होतं, आता निवांत. पण भगिनी मंडळ, आजाऱ्यांच्या भेटी, धावपळ आहेच. आज बसले. मन स्वयंपाकघरात. तरी बरं वाटलं.

२४ फेब्रु., मंगळ.
पाळकसाहेबांचा फोन. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या मार्थाबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलंय. वयामुळे ऑपरेशन नाही, घरीच पडून. मुलगा सुनील पहाटेच कारखान्यात जातो, सून नाइट ड्यूटीवरून उशिरा येते. मधल्या वेळेला कुणीतरी हवं. "इंद्रपुरीत तुम्हीच जवळ, सुलभाताई." हो म्हटलं. नेमकी माझी बसायची वेळ.

५ मार्च
पॉट, अंग पुसणं, दलिया भरवणं. रविवारी मंडळी येऊन गेली. गाणी, मोठ्याने प्रार्थना, चहा. चादर ओलीच होती, कुणाच्या लक्षात नाही. घरी येऊन डोळे मिटले की झोप लागते. आमचे अनिल म्हणतात, "अगं, हीच तुझी प्रार्थना." मला तसं वाटत नाही. हात चालतात, आत सगळं कोरडं.

१२ मार्च
आज चिडले. मार्थाबाईंनी दलिया थुंकला. बोलून गेले, "तुमच्यापायी माझं देवाजवळ बसणं गेलं."
म्हणाल्या, "तर बस ना इथेच. मैं कहाँ भाग रही हूँ?"

१३ मार्च
पलंगाजवळ स्टुलावर बसले. त्यांनीही डोळे मिटले. शेजारच्या घरात मिक्सर चालू. थोड्या वेळाने, "सुलभा, पॉट." उठले, आवरलं, परत बसले. तुटक झालं. पण झालं.

२२ मार्च, रवि.
चर्चनंतर पाळकसाहेब भेटले. चार इमली कॉलनीत एक रिटायर्ड साहेब एकटेच असतात, आजारी. मार्थाबाईंची सून आली की तिकडे जाल का? नाही म्हटलं. एवढ्यात अंगात त्राण नाही, आणि घरी थोडं बसायचंय.
"प्रार्थना काय, कधीही करता येते, ताई."
"मला नाही येत, साहेब."
ते हसले. राग आला असावा. त्या साहेबांकडे कोण जाईल, हे दिवसभर मनातून जाईना.

२९ मार्च, झावळ्यांचा रवि. (पाम संडे)
मार्थाबाईंना ताप, छातीत कफ. उपासनेला गेले नाही. सुनील घरी होता, डॉक्टर बोलावले. ते म्हणाले, दवाखान्यात भरती करा, लगेच. त्या तयार नाहीत. "आता इथेच राहू दे." सून रडतेय. सुनील मला म्हणाला, "आंटी, तुमचं ऐकतात त्या. तुम्हीच सांगा."
काय सांगू? न्या म्हणू, की राहू दे म्हणू. म्हटलं, जरा थांब. त्यांच्याजवळ बसलेय. प्रभूकडून काही ऐकू येत नाही, त्यांच्या श्वासाची घरघर तेवढी. सुनील दारात उभा आहे.