बारावा नियम

दादा, काल दुपारी चकलांब्याहून एका म्हातारीचा फोन आला. तेव्हापासून एक खोकं उघडून पुस्तिकेतले अकरा नियम पुन्हा पुन्हा मोजतोय. तुम्हाला माहीत नाही, पण तुम्ही गेल्यावर तुमचा पटावरचा खेळ मी छापलाय. कापसाच्या जिनिंगच्या फरशीवर खडूनं आखून खेळायचात तोच, एकाची सरकी, दुसऱ्याचे चिंचोके. छपाई, खोकी, सगळं माझं मी शिकलो. पटाचं एक घर अर्ध्या मिलिमीटरनं चुकू दिलं नाही. पुस्तिकेवर 'नियम जसेच्या तसे' असं छापलं, आणि खाली खुला परवाना: कुणीही छापा, बदला, विका, फक्त तुमचं नाव ठेवा. लोकांनी ठेवलंही. आता दुसऱ्या भाषांतही छापतात. कुणाचं अडलं तर खोक्यावर माझा नंबर असतो, आणि फोन मीच घेतो.

"लेकीनं खेळ आणला. नाव वाचलं तवा वळखलं. तुमचे वडील ना ते? पण उठवायचा नेम कावून काढला ओ?"

कोणता नेम, मी विचारलं.

"एकच सोंगटी उरली की मेलेली एक उठवायची. डावात एकदाच. मी जिनिंगात सरकी झाडायला होते, तवा रोज खेळायचो की! तुमचे वडील लई कच्चे. रोज हरायला यायचे अन् त्याच नेमावर जगायचे." आणि ती खळखळून हसली.

ते हसू ऐकताना आठवलं: मी दहा वर्षांचा आहे. माझा एकच चिंचोका उरलाय. तुम्ही मेलेल्यांतला एक उचलून माझ्यापुढं ठेवता. "घे, नेमच हाय तसा." मला वाटतं, कीव करताय. "मला भीक नको!" म्हणत मी पट पायानं पुसून टाकतो. तुम्ही हाताचा खडू झटकून उठता. त्यानंतर माझ्यासमोर तुम्ही त्या नियमाचं नाव काढलं नाहीत. तुमची एकच सरकी उरली तरी नाही. निमूट हरायचात, आणि मी दादांना हरवलं म्हणून गल्लीभर सांगत फिरायचो.

दिलेला परवाना मागं घेता येत नाही. नवी आवृत्ती काढीन, छापणाऱ्यांना कळवीन. पण जी खोकी घरोघर गेली ती गेली. तुमच्या नावाखाली तिथं मेलेली सोंगटी मेलेलीच राहणार.

म्हातारीला मी काय म्हणालो, तेही सांगतो. म्हणालो, "आजी, असा नियमच नाही. तुमची आठवण चुकतेय."

"असंल बाबा," ती म्हणाली, "तुमचेच वडील."

हे पत्र टाकायला पत्ता नाही. तिचा नंबर आहे. तोही मी अजून लावलेला नाही.