वाट चुकले, असं मी सांगितलं

४ ऑक्टो., शनि. केळदच्या वरचा धनगरवाडा
ST ने वेल्हे, तिथून जीप, मग तासभर चढ. पोचले एकदाची. चार घरं, सगळीकडे सोनकीची पिवळी फुलं. कोंडिबा आणि धोंडाबाईंकडे उतरलेय. शेळ्या, सहा म्हशी आणि दोघंच म्हातारी. मुलगी सखू कामथडीला दिलेली.
पाच दिवस नुसतं चालायचं. मीना इटलीत कुठल्याशा डोंगरी गावात आहे, तिथल्या अभयारण्यात रोज पंधरा किलोमीटर चालते म्हणे. फोटोंवर फोटो. धाकटी बहीण ती. मला वाटलं, आपणही...
इथे रेंज नाही. बरंच आहे.

५ ऑक्टो.
कोंडिबांबरोबर कड्यापर्यंत. ते सत्तरीचे, पायात साध्या चपला. मी नव्या कोऱ्या बुटांत, दर वीस पावलांना उभी. गुडघे!
"बसा की ताई. डोंगूर काय पळून चाल्लाय व्हय?"
खाली कोकण दिसतं म्हणाले. धुक्यात काही दिसलं नाही. माझ्यासाठी त्यांनी थांबत थांबत चालायचं, ते सोसेना. उद्या एकटी जाते म्हटलं.
"येकल्या नगा जाऊ. दुपारचं धुकं भरतं, वाट दिसत न्हाई."
तीस वर्षं भूगोल शिकवलाय, म्हटलं. हसले. धोंडाबाईंनी जेवताना भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला, नको म्हणत असताना.

६ ऑक्टो.
लिहवत नाही.

७ ऑक्टो. वेल्हे, दवाखान्याचा व्हरांडा
लिहून टाकते. क्रमाने.
काल नऊला निघाले. कड्याकडे जाते, जेवायला येते, असं सांगून. पाऊण तासात उजवा गुडघा ठणकायला लागला. खाली डांबरी रस्ता दिसत होता. उतरले. वेल्ह्याची जीप आली, हात केला. खुर्चीत बसायचं होतं, बाकी काही नाही. स्टँडजवळच्या हॉटेलात मिसळ, दोन चहा, अख्खं वर्तमानपत्र. रेंज आली. मीनाला आदल्या दिवशीचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, आज एकटीने कडा गाठला. तिने टाळ्या पाठवल्या. मी खूश.
परतीची जीप भरेपर्यंत तीन. वर चढायला लागले तर धुकं, आणि धुक्यातून हाका. "ओ ताईऽऽ!"
जेवायला आले नाही म्हणून कोंडिबा कड्यावर जाऊन आले होते. मी तिथे नव्हते. कडा सरळ खाली तुटलेला. त्यांनी सगळा वाडा उठवला. लोक गवत कापणं टाकून दुपारपासून रानात.
मी वर पोचले तसे धावत आले. "घावल्या! ताई घावल्या!" एका बाईने मला गच्च धरलं. कोंडिबांचे डोळे भरलेले.
"वाट चुकला व्हय ताई?"
मी म्हटलं, हो.
तेवढ्यात ओढ्याकडून आरोळी. धोंडाबाई मला शोधताना शेवाळावरून घसरल्या होत्या. नडगी मोडली. घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली, आळीपाळीने खांदा देत रस्त्यापर्यंत आणलं. झोळीतून त्या मलाच विचारत होत्या, "ताई, लई भ्याला का वो?"
पायाला फळी बांधलीय. मुलीला निरोप गेलाय. ती आली की प्लॅस्टरला नसरापूर.

तोच दिवस, दुपार
सखू गाडी घेऊन आली. आईला बघून रडली, मग माझीच चौकशी. "रानात काय खाल्लंत ओ दिवसभर?" चहा आणायला दोघी गेलो. जवळ तेवढंच एक हॉटेल. तेच. मी बाहेर थांबते म्हटलं, पण मालकाने पाहिलंच.
"या मॅडम! कालची मिसळ आवडली वाटतं. काल किती निवांत बसला होता."
सखूने थर्मास पुढे केला होता. तो हात तसाच राहिला. माझ्याकडे पाहिलं. परत येताना चार पावलं पुढे चालत होती.

१२ ऑक्टो., रवि. पुणे
सात तारखेला लिहिताना एक गाळलं.
हाका ऐकू आल्यावर मी लगेच वर गेले नाही. एका दगडाआड बसले. बूट कोरडे, कपडे स्वच्छ, सांगायचं काय? ते जुळवत बसले. पंधरा मिनिटं. जास्तच. त्यांतला एक आवाज बाईचा होता, ओढ्याच्या बाजूने, अगदी जवळून. "ताई, ओ द्या, ओ द्या!" मग तो थांबला. मला हायसं वाटलं.
हायसं.
त्या वेळी ओढ्याकडे धोंडाबाईंशिवाय दुसरं कोणी गेलं नव्हतं. हे मी नंतर विचारून घेतलं.
मीनाचा फोन. तुझं कसं झालं? छान, म्हटलं.

१८ ऑक्टो., शनि. कामथडी
राहवेना. सखूकडे आले. धोंडाबाई ओसरीवर, पाय उशीवर. शेजारणींना म्हणाल्या, "ह्याच त्या ताई. देवानंच राखल्या." शेजारणींनी मला नमस्कार केला.
शेजारणी गेल्यावर सांगितलं. रस्ता, जीप, मिसळ.
धोंडाबाई पायाच्या प्लॅस्टरवर हात फिरवत राहिल्या. "सखूनं सांगितलं व्हतं. म्या म्हनलं, हाटेलवाला चुकला आसंल. अशी बाई खोटं कशाला बोलंल?"
मग हळूच, "ह्यांना नगा सांगू. साऱ्या वाड्याला त्येंनीच उठवलंय. कुठल्या तोंडानं सांगत्याल लोकांस्नी?"
म्हणजे आता माझं खोटं त्यांनी सांभाळायचं.
दगडाआडचं सांगायला तोंड उघडलं, तर सखू दारातून म्हणाली, "बाबा येनार हायेत उद्या. तुमी थांबा. त्यांना तुमच्या तोंडूनच कळू द्या."
"सखू, गप!" धोंडाबाई ओरडल्या.
थांबलेय.

१९ ऑक्टो., रवि. सकाळ
कोंडिबा आले. अंगणात पाय धुताहेत, तेवढ्यात हे लिहितेय. मी इथे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला बघून तोंडभर हसले. "हितं कशा काय? वाट बरी घावली तुमाला!"
सखू चहा टाकून दारात येऊन उभी राहिली. धोंडाबाई माझ्याकडे बघून नुसती मान हलवताहेत, नको, नको.
ते आत येताहेत.