रुखवतातला ड्रॅगन

९ नोव्हेंबर, रविवार

ड्रॅगनची डावी नाकपुडी झाली. उजवी उद्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं म्हणून ठेवला ब्रश.

पोरं दुपारीच आली – हर्षल, राजू, सृष्टी. माझ्या लेकीचे, वेदिकाचे, कॉलेजपासूनचे दोस्त. दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर ह्यांचा खेळ. हर्षल गोष्ट सांगतो – भुयार, शापित किल्ला, काय काय! – आणि वेदिका, राजू, सृष्टी त्या गोष्टीतली माणसं होऊन फासे टाकतात. कोण वाचलं, कोण मेलं, फासे ठरवतात. टेबलावर प्रत्येकाची बोटभर उंचीची बाहुली. बाहुली म्हटलं की चिडतात. "मिनिएचर, काकू!" बरं बाबा, मिनिएचर.

खेळ मला कळत नाही. रंगवणं कळतं. मनगट मोडलं होतं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, बोटांना बारीक काम द्या. वेदिकाने हातात झिरो नंबरचा ब्रश आणि एक करडा बुटका राक्षस दिला. मनगट केव्हाच बरं झालं, ब्रश काही सुटला नाही. आता तर मुंजी-बारशांनासुद्धा राक्षस वाटत सुटले आहे!

संध्याकाळी वन्संचा फोन. "वेदिकाच्या रुखवतात काय ठेवणार? माझ्याकडे नारळाचे नवरा-नवरी आहेत, साखरेचं तुळशीवृंदावन आहे." मी तोंड उघडायच्या आत वेदिका मागून ओरडली – "आईने रंगवलेलं ठेवणार! ड्रॅगनसकट!"

वन्सं म्हणाल्या, "सटाण्याची माणसं आहेत, वहिनी. लग्नात राक्षस?"

१२ नोव्हेंबर

वेदिकाची मिनिएचर रंगवायला घेतली. कुऱ्हाडवाली लढवय्यी. डबीवर 'त्वचा' म्हणून दिलेला रंग गुलाबी! असं कोण असतं आपल्यात? तपकिरीत पिवळा मिसळून मिसळून वेदिकाचा रंग केला. झग्याला पैठणीचा काठ दिला. मोर काही जमला नाही, मोराच्या जागी हिरवा ठिपका. लांबून मोरच वाटतो.

राजूचा चोर आणि सृष्टीची जादूगारीणही मागून घेतली. इतकी वर्षं करड्या प्लास्टिकचीच खेळवत होते, आळशी कुठले! वेदिकाच्या लग्नाची भेट म्हणून रंगवून देणार आहे दोघांना.

काम करता करता डोक्यात एकच. हे गेल्यानंतर घर उभं राहिलं ते ह्या रविवारांवर. पोरांचा आरडाओरडा, पोहे, भांडणं, "काकू, चहा!" आता वेदिका सटाण्याला जाणार. मग पोरं कशाला येतील? बोलायचं कुणाकडे? वेदिकाला सांगितलं तर ती रडत बसेल. म्हणून इथे लिहिते आहे. मला भीती वाटते. लिहिलं एकदाचं.

१८ नोव्हेंबर

सत्यानाश!

सकाळी उठून गच्चीवर गेले. सगळ्यांवर वॉर्निशचा स्प्रे मारला, म्हणजे रंग उडायला नको. थंडी मरणाची, दव पडलेलं. माझं लक्षच नाही. चहा घेऊन परत वर जाऊन बघते तर सगळे पांढरे! ड्रॅगन, चोर, जादूगारीण, वेदिका – अंगाला पिठी फासल्यासारखे. पैठणी दिसेना की डोळे दिसेनात.

पायरीवर बसले आणि रडले. शेजारच्या फुलाबाई कपडे वाळत घालायला आल्या होत्या. त्यांना वाटलं लेक जाणार म्हणून रडते आहे. मीही तसंच समजू दिलं. अगदीच खोटं नव्हतं ते.

१९ नोव्हेंबर

वाचले!! हर्षलने फोनवर सांगितलं – ओल्या हवेने वॉर्निश पांढरं पडलंय, तेल चोळा. मला वाटलं चेष्टा करतो आहे. खोबरेल बाटलीत थिजलेलं, ते आधी उन्हात ठेवलं. मग कापसाने हळूहळू चोळलं. पांढरं गेलं, रंग आतून जसेच्या तसे वर आले! वेदिकाचे डोळे तर आधीपेक्षा चमकायला लागले. तेल टिपून घेतलं, आता वॉर्निश ब्रशनेच, घरात, दार लावून.

देवापुढे साखर ठेवली. वेदिका म्हणते, ड्रॅगनपुढेही ठेव.

३० नोव्हेंबर, रविवार

वेदिकाचा लग्नाआधीचा शेवटचा खेळ. गोष्ट मध्येच थांबवली – तिघं किल्ल्याच्या दारात उभे, दार बंद. जाताना मी हर्षलला विचारलं, "मग पुढे कधी?" म्हणाला, "बघू काकू, लग्नानंतर."

बघू! हा शब्द मला चांगला ठाऊक आहे. कुणी 'बघू' म्हणालं की समजायचं, गेलं ते.

५ डिसेंबर

लग्न लागलं! सगळं नीट. पाय सुजलेत. उद्या लिहीन.

६ डिसेंबर

रुखवताचं आधी लिहिते. वन्संनी नारळाचे नवरा-नवरी आणलेच होते, ते मध्यभागी. त्यांच्या मागे ड्रॅगन पंख पसरून. पुढे वेदिकाची लढवय्यी. ती एकटी फार बापुडी दिसत होती, म्हणून मी तिच्या दोन्ही बाजूंना चोर आणि जादूगारीण उभी केली. किती शोभा आली!

विहीणबाई बायकांचा घोळका घेऊन आल्या. वाकून बघितलं, चष्मा वर केला, परत बघितलं. "हाई काय शे वो याहीन?" याहीन म्हणजे विहीण, मी. म्हटलं, राक्षस आहे, ड्रॅगन म्हणतात. "आन हाई वेदिका शे का? तोंड सेम शे!" म्हटलं, हो. मग कमरेवर हात ठेवून म्हणतात, "मंग आमना गोरक्ष कोठे शे?"

नवरा मुलगा रंगवायचा राहूनच गेला होता! सृष्टी आगाऊ, पटकन म्हणाली, "तो काय मागे, पंखवाला!" मी डोळेच मिटले. आणि विहीणबाई हसल्या! इतक्या हसल्या की हातातला रुमाल पडला. मग त्यांच्याकडच्या सगळ्या बायका ड्रॅगनबरोबर फोटो काढून घेत होत्या. नवऱ्या मुलाच्या आत्याने तर त्याला हळदीकुंकू लावलं.

हुश्श! महिनाभर जीव टांगणीला होता. वन्संही शेवटी म्हणाल्या, "छान दिसतंय हो वहिनी." त्यांच्या तोंडून छान म्हणजे सुवर्णपदक.

पाठवणीच्या वेळी रडले. ते लिहीत नाही.

७ डिसेंबर, रविवार

राजूचा फोन. "काकू, माझा चोर न्यायला येऊ का?"

मी उत्साहाने "ये ये" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर पिशव्या उघडल्या. चोर नाही. जादूगारीण नाही. काहीच नाही.

रुखवत! रुखवतात मांडलेलं सगळं नवरीबरोबर सासरी जातं. पन्नास लग्नांत बघितलं आहे मी हे. शोभा करायच्या नादात पोरांच्या वस्तू माझ्या हाताने मांडल्या, आणि पाठवणीच्या वेळी सटाण्याच्या बायकांनी रीतीप्रमाणे सगळं बांधून नेलं. त्यांचं काय चुकलं? अक्कल माझी गहाण पडली होती.

वेदिकाला फोन केला. "मी मागते सासूबाईंना." खबरदार, म्हटलं! सासरी जाऊन दोन दिवस नाही झाले आणि रुखवत परत मागतेस? जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.

राजूला सांगितलं. "असू दे काकू, दुसरी घेऊ." आवाज पडला होता. चार वर्षं खेळवलेलं माणूस, दुसरं कसं घेणार?

१४ डिसेंबर, रविवार

कोणी आलं नाही. सवयीने पोहे सगळ्यांचे भिजवले. रात्रीपर्यंत तेच खाल्ले. टेबल पुसलं, त्यावर काही सांडलेलंच नव्हतं.

पोरांना यायला तेवढं एक निमित्त होतं – आपापल्या मिनिएचर न्यायला येतील, टेकतील, एखादा डाव मांडतील. ते निमित्तही मीच बांधून दिलं.

१६ डिसेंबर

शेवटी मीच विहीणबाईंना फोन लावला. लाज कोळून प्यायले. आधी हवापाणी, मग कांद्याचे भाव, मग वेदिका जेवते का नीट. मग एका दमात सगळं सांगून टाकलं – चूक माझी, ती दोन माणसं पोरांची, त्यांचा खेळ अडला आहे, आणि... आणि माझाही.

मला वाटलं, संपलं सगळं.

"पोरेसना शेतस का त्या?" विहीणबाई म्हणाल्या. "मंग सांगानं ना माय! इतला दिन काय वाट पाही राह्यनी?" रीतीभातीचं मी काढलं तर म्हणाल्या, "रीत आपली शे, आपन रीतना थोडीच शेतस!" गोरक्ष शुक्रवारी नाशिकला येणार आहेत, त्यांच्याबरोबर धाडतात.

"पन ड्रॅगन देवाव नहीं मी." का, तर तो त्यांच्या आडतीच्या दुकानात गल्ल्यावर बसवला आहे. व्यापारी येतात, आधी त्याला बघतात, मग भावाचं बोलतात. आणि "तो आमना गोरक्ष शे, तो कसा देऊ?"

ठेवा म्हटलं, खुशाल ठेवा! फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच हसत सुटले. किती हलकं वाटतं आहे! उगाच दहा दिवस जीव जाळला.

१९ डिसेंबर

जावईबापू येऊन गेले. स्टीलचा मोठा डबा दिला, जड! उघडते तर बाजरी. "हात घाला आत," म्हणाले. चोर आणि जादूगारीण बाजरीत खुपसून पाठवले होते, धक्का लागू नये म्हणून! चोराचा सुरा जरा वाकला आहे, बाकी टवटवीत. बाजरी भाकरीला ठेवून घ्यायची असा निरोप आहे.

वेदिकाची लढवय्यी तिच्याकडेच राहिली. ते बरोबरच आहे. तिच्या नव्या घरी ती उभी हवी.

पोरांना मेसेज केला. रविवारी या. हर्षलचं लगेच उत्तर – "येतो. पण काकू, वेदिका नाही, तिसरा माणूस लागेल. दोघांनी किल्ला पडत नाही." मी लिहिलं, आणा कुणाला तरी, पोहे वाढवते.

२१ डिसेंबर, रविवार

आज मी मेले.

दुपारीच. कुणाला आणलंच नव्हतं त्यांनी, मला ओढून बसवलं. किल्ल्याचं दार उघडलं, समोर राक्षस. हर्षल म्हणाला, "काकू, काय करता?" मी म्हटलं, त्याला विचारते, जेवलास का बाबा. फासा टाकला, एक पडला, त्याने मलाच खाल्लं. राजू खुर्चीवरून खाली पडला हसून. हे गेल्यापासून इतकी हसले नव्हते मी, पोट दुखतं आहे.

मेलं म्हणजे संपत नाही म्हणे. पुढच्या रविवारी नवीन नाव घेऊन बसायचं. नाव शोधते आहे.